मंजुळेची भाषा आणि यंत्राचे कान

माझं माहेर लालबर्रा. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. 1956च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. माणसांचं बोलणं मात्र सीमेवर थांबलं नाही. आमच्या ओसरीवर येणारा शेजारी पोवारीत बोलतो, घरातून त्याला मराठीत उत्तर जातं आणि दोघांच्या हातातला सरकारी कागद हिंदीत असतो. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 साली, इथल्या मराठीची 'मरहेटी' अशी वेगळी नोंद झाली आहे.

यंदा भाऊबिजेला माझी मुलगी सोबत होती. ती नागपुरात सॉफ्टवेअरचं काम करते. ओळखीतल्या एका शेतकरी गटासाठी ती चॅटबॉट तयार करते आहे. मोबाइलवर प्रश्न लिहायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचं. प्रश्न कोणते, तर धान खरेदीची नोंदणी, वजनकाट्याची तारीख, पैसे कधी, बियाणं कुठे. माझ्या थोरल्या भावाचं अख्खं आयुष्य एका सहकारी सोसायटीच्या खिडकीमागे याच प्रश्नांची उत्तरं देण्यात गेलं. जेवणं आटोपल्यावर मामा-भाची ओसरीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत. मी सुपारी कातरत ऐकत होते. दोघांचंही म्हणणं मला मोलाचं वाटलं, म्हणून जसं आठवतं तसं मांडते.

भाची : मामाजी, खिडकीवर लोक तुम्हाला काय विचारायचे? मला वाक्यं हवी आहेत, जशीच्या तशी.

मामा : वाक्यं कशाला? नियम विचार. नोंदणीला कोणते कागद लागतात, ते सांगतो.

भाची : नियम माझ्याकडे लिहून आहेत. लोक ते कसे विचारतात, एवढंच नाही. माझं सगळं काम त्यावर अडलंय.

मामा : आधी मला सांग, तुझं हे यंत्र असतं कुठे? या मोबाइलात?

भाची : नाही. राइस मिलचं उदाहरण घ्या. धान आपलं असतं, गिरणी आपली नसते. आपण पोती नेतो, भरडून आणतो, भरडाई देतो. क्लाउड तसंच आहे. भाषा समजून घेणारं मोठं यंत्र कंपनीच्या संगणकशाळेत चालतं. आपण शेतकऱ्याचं वाक्य तिकडे पाठवतो, अर्थ परत येतो. या देवाणघेवाणीची जी ठरलेली रीत असते तिला एपीआय म्हणतात. तुमच्या भाषेत ती खिडकीच आहे. कोणत्या नमुन्यात कागद द्यायचा, कोणत्या नमुन्यात उत्तर मिळेल, सगळं आधी ठरलेलं असतं.

मामा : आणि खिडकीवर आलेला माणूस खरा की खोटा, ते कसं ओळखतात?

भाची : त्याला किल्ली असते. क्लाउडवर आधी एक प्रोजेक्ट उघडायचा, त्यात ही सेवा चालू करायची आणि मग सर्व्हिस अकाउंट काढायचं. हे खातं माणसाचं नसतं, माझ्या प्रोग्रामचं असतं. त्याची किल्ली म्हणून एक छोटी फाइल मिळते. ती दाखवली की तिकडचं यंत्र वाक्य स्वीकारतं.

मामा : ती फाइल दुसऱ्याच्या हाती लागली तर?

भाची : तर तो आपल्या नावावर गिरणी चालवेल आणि बिल आपल्याला येईल. गटाच्या नोंदीही त्याला उघड्या पडू शकतात. म्हणून किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात लिहून ठेवायची नाही. आणि तिला अधिकारही बेताचेच द्यायचे. वाक्य विचारण्यापुरती किल्ली वेगळी, यंत्राची मांडणी बदलणारी वेगळी.

मामा : हे पटलं. सोसायटीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे. एकट्याने तिजोरी उघडायचीच नाही, असा नेम होता. आता वाक्यं लिहून घे. "धानाचे पैसे काऊन नाई आले?" हे पहिलं.

भाची : आणि पोवारीत?

मामा : "मोरो पैसा आयेव का?" कुणी हिंदीत विचारेल, "पेमेंट कब आएगा?" कुणी पैशाचं नावच काढणार नाही. पासबुक पुढे करून नुसता उभा राहील.

भाची : या तिन्ही वाक्यांचा हेतू एकच आहे. आमच्या कामात त्याला इंटेंट म्हणतात. यंत्राला आधी हेतू सांगायचा आणि मग त्याखाली वाक्यांचे नमुने द्यायचे. एका हेतूला निदान दहा-वीस नमुने हवेत. त्यावरून न ऐकलेलं वाक्यही ते ओळखू लागतं. मी डायलॉगफ्लो ही सेवा वापरते. आधी तिचं नाव एपीआय डॉट एआय होतं. 2016मध्ये गूगलने ती घेतली, 2017मध्ये नाव बदललं. तिच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी आहे.

मामा : पोवारी?

भाची : नाही. जगातल्या भाषांना तीन अक्षरांचे संकेत दिलेले असतात. त्यांत पोवारीला स्वतःचा संकेत आहे, पीडब्ल्यूआर. पण क्लाउडच्या यादीत तिचं नाव नाही. म्हणून पोवारी वाक्यं मी मराठीच्या आणि हिंदीच्या खात्यात नमुने म्हणून घालते.

मामा : म्हणजे जनगणनेत होतं तेच. तिथेही पोवारीची मोजणी हिंदीखाली होते. 2011मध्ये सव्वातीन लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून लिहिली, पण ते लोक हिंदीच्या बेरजेत गेले. तू यंत्र आणलंस, तरी आमच्या शेजाऱ्याने दुसऱ्याच्या दारातूनच आत यायचं?

भाची : दार दुसऱ्याचं आहे, मान्य. पण मामाजी, आज त्याला दारच नाही. यादीत भाषा येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर एक पिढी जाईल. नमुना म्हणून का होईना, "आयेव" हा शब्द यंत्राच्या कानावर पडला पाहिजे.

मामा : ठीक. पुढचं वाक्य. "बारदाना आला का?"

भाची : हे सोपं आहे. रिकामी पोती आली की नाही.

मामा : इथेच चुकलीस. त्याला पोत्यांशी घेणंदेणं नाही. त्याला विचारायचं आहे, की आज ट्रॅक्टर भरू का? भाड्याची ट्रॉली आणली आणि केंद्रावर पोती नसली, तर रात्रभर धानाची राखण करत थंडीत बसावं लागतं. वरून भाडं चढतं ते वेगळं. मी "आला" म्हणालो असतो आणि काट्यापुढे चाळीस ट्रॉल्या उभ्या असत्या, तर माझं उत्तर खरं असूनही त्याचं नुकसान झालं असतं. म्हणून मी म्हणायचो, "बारदाना आहे, पण परवा ये." तुझं यंत्र हे "परवा ये" कुठून आणणार?

भाची : (वहीत लिहीत) बारदान्याच्या उत्तरात रांग आणि काट्याची तारीख दोन्ही हवं. मामाजी, हेच मला नागपुरात बसून कळलं नसतं. आता हे मी मांडणीतच घालते. बारदान्याचा प्रश्न आला की यंत्र उलट विचारेल, "तुमचा काटा कोणत्या तारखेचा आहे?" आणि मग सांगेल.

मामा : तू घालशील. पण मी काय सांगतो ते ऐक. हा एक प्रश्न मला आठवला. जे आठवले नाहीत त्यांचं काय? माणूस समोर उभा असला की त्याच्या चेहऱ्यावरून न विचारलेलं कळतं. तुझ्या वाक्यांच्या यादीत चेहरा नसतो.

भाची : खरं आहे. आता माझीही बाजू ऐका. तुमची खिडकी किती वाजता बंद व्हायची?

मामा : पाचला.

भाची : आणि धान कापणारी बाई बांधीतून घरी किती वाजता येते? तिच्या नावावर जमीन असली तरी खिडकीवर कोण यायचं? तिचा नवरा, नाहीतर दीर. ती स्वतः कधी विचारायला आली?

मामा : (थोडं थांबून) फार कमी. आल्या तरी मागे उभ्या राहत.

भाची : आणि कुणी तेच तीनदा विचारलं की तुम्ही रागवत नव्हता?

मामा : रागवायचो. खरेदीच्या दिवसांत दोनशे माणसं समोर असायची. एका म्हाताऱ्यावर मी ओरडलो होतो, ते अजून मनात आहे. त्याला ऐकू कमी यायचं. मला वाटलं, मुद्दाम वेळ घेतो आहे.

भाची : माझं यंत्र त्या म्हाताऱ्यावर ओरडणार नाही. रात्री दहाला विचारा, दहाव्यांदा विचारा, त्याच सुरात सांगेल. चुलीपुढे बसलेली बाई नवऱ्याला न विचारता स्वतःच्या धानाचे पैसे विचारू शकेल. माणसाची ऊब यंत्रात नाही, मान्य. पण आपल्या खिडक्यांवर ती ऊब सगळ्यांना कुठे मिळत होती?

मामा : हे तू बरोबर बोललीस. मला ते नाकारता येत नाही. पण मग त्या बाईच्या हातातला फोन कुणाचा?

भाची : म्हणजे?

मामा : घरात फोन एक. त्यावर बापाचं नाव लागलेलं, काकाचं लागलेलं, आईचंही. पोरगा आधी बापाचं विचारेल आणि लगेच म्हणेल, "अन् आईचं?" तुझ्या यंत्राला कळेल?

भाची : मागचं बोलणं ध्यानात ठेवण्याची सोय आहे, तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात. डायलॉगफ्लोच्या जुन्या मांडणीत ती साधारणपणे पाच फेऱ्या टिकते आणि वीस मिनिटांनी पुसली जाते. "अन् आईचं?" म्हटलं की मागचा हेतू धरून फक्त नाव बदलायचं, हे जमतं. पण मी एक फोन म्हणजे एक शेतकरी असं धरलं होतं. ते चुकलं. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला कुणाच्या नोंदणीबद्दल बोलतो आहोत ते नाव यंत्राने उच्चारलंच पाहिजे.

मामा : आणि वीस मिनिटं पुरायची नाहीत. माणूस विचारता विचारता बैल सोडायला जातो. तासाने येऊन म्हणतो, "तर मग काय?"

भाची : तेव्हा यंत्र सांगेल, "आधीचं बोलणं माझ्याकडे राहिलं नाही, पुन्हा सांगा." खोटं हो म्हणण्यापेक्षा ते बरं.

मामा : आणखी एक. आमचा शेतकरी प्रश्न एका ओळीत विचारत नाही. पऱ्हे टाकले तिथपासून सुरुवात करतो. परा लागला, मग गादमाशी आली, मग पाणी लांबलं, आणि शेवटी येतो बियाण्यावर.

भाची : त्याचीही मर्यादा आहे. या सेवेला एका वेळी 256 अक्षरांपर्यंतचा मजकूर चालतो. आणि संगणकाची अक्षरमोजणी आपल्यासारखी नसते. 'बांधी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. संगणक ब, काना, अनुस्वार, ध आणि वेलांटी अशी पाच मोजतो. मराठीत लिहिणाऱ्याची जागा लवकर संपते.

मामा : मग तो काय करणार? गोष्ट तोडून सांगणार?

भाची : माझ्या प्रोग्रामने तोडायची. शेतकऱ्याने नाही.

मामा : हां! हेच मला ऐकायचं होतं. कुणी बदलायचं, शेतकऱ्याने की यंत्राने? सगळा प्रश्न एवढाच आहे.

भाची : यावर एक गंमत सांगते. बोलणारं पहिलं नावाजलेलं यंत्र 1966चं. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाम यांनी ते केलं. समोरच्याचंच वाक्य ते प्रश्न करून परत द्यायचं, बाकी त्याला काही कळत नव्हतं. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले. ते पाहून वायझेनबाम स्वतःच हादरले आणि पुढे आयुष्यभर यंत्रावर असा भरवसा टाकू नका म्हणून सांगत राहिले. त्या यंत्राचं नाव होतं एलायझा.

मामा : एलायझा म्हणजे शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली?

भाची : तीच. फुलं विकणारी, जिची बोली प्राध्यापक सुधारतो ती पोरगी.

मामा : अगं, म्हणजे ती आपली मंजुळाच! पुलंनी 1975 साली 'ती फुलराणी' केलं ते त्याच नाटकावरून. भक्ती बर्व्यांची मंजुळा. तुझ्या आईला विचार, आम्ही दोघांनी त्या नाटकाची किती पारायणं केली आहेत ते.

भाची : यंत्राला एलायझाचं नाव दिलं, कारण मंजुळेसारखं त्यालाही बोलणं शिकवायचं होतं.

मामा : आणि आज उलटंच चाललंय. आज यंत्र प्राध्यापक झालंय आणि आमचा शेतकरी मंजुळा. 'काऊन' नको, 'का' म्हण. 'आयेव' नको, 'आया' म्हण. नाहीतर तुला उत्तर नाही. बाई, तू ज्या दिवशी नमुन्यांत फक्त पुस्तकी वाक्यं घालशील, त्या दिवशी तू प्राध्यापकाच्या खुर्चीत बसलीस असं समज.

भाची : म्हणून तर वही घेऊन बसले आहे, मामाजी. पण आता नवी यंत्रं आली आहेत, मोठी भाषामॉडेलं. त्यांना असे नमुने द्यावे लागत नाहीत. त्यांनी एवढं वाचलेलं असतं की 'काऊन'सुद्धा ती बरेचदा समजून घेतात. त्यांना साध्या भाषेत सूचना लिहून द्यायची, "तू धान उत्पादकांना मदत करतोस, थोडक्यात बोल," वगैरे. उत्तर किती नेमकं असावं, किती मोकळं, त्याचाही एक आकडा बऱ्याचदा ठरवता येतो. खर्च तुकड्यांवर असतो. यंत्र मजकुराचे तुकडे पाडतं आणि तुकड्यांवर बिल लावतं. बऱ्याच मॉडेलांत देवनागरी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून तोच प्रश्न मराठीत महाग पडतो. तरी मला वाटतं, पुढे हेच वापरायचं.

मामा : त्याला बोनस विचार.

भाची : कसला?

मामा : धानाचा. इथून गोंदिया किती जवळ आहे! माणसं तिकडची सोयरी, वर्तमानपत्रं तिकडची. 2024च्या खरिपाच्या धानाला महाराष्ट्राने हेक्टरी 20,000 रुपये दिले, दोन हेक्टरांपर्यंत. मध्य प्रदेशाने हेक्टरी 4,000. लालबर्ऱ्याच्या शेतकऱ्याने मराठीत विचारलं, "धानाचा बोनस किती?" तर तुझं वाचलेलं यंत्र काय म्हणेल?

भाची : (हळू) मराठीत विचारलं म्हणजे महाराष्ट्र, असं धरून चालेल. 20,000 सांगेल.

मामा : आणि गोड भाषेत सांगेल. तो माणूस त्या भरवशावर दुकानदाराकडून खत उधार घेईल. भाषेवरून राज्य ठरत नाही, हे आम्हाला 1956पासून माहीत आहे. तुझ्या यंत्राला कुणी सांगितलं?

भाची : आता मी सांगेन. गाव आणि जिल्हा कळल्याशिवाय पैशाचा एकही आकडा बोलायचा नाही. आणि आकडे त्याच्या वाचनातून द्यायचे नाहीत, आपण तपासून ठेवलेल्या तक्त्यातूनच द्यायचे. 2025-26च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. तो तक्त्यात, तारखेसकट. शब्दांचंही तसंच करते. तिकडे सातबारा आणि तलाठी, इकडे खसरा आणि पटवारी. तिकडे हेक्टर-आर, इकडे एकर-डिसमिल. समान अर्थाच्या शब्दांच्या याद्या करता येतात, त्यांना एंटिटी म्हणतात. चिन्नोर धानसुद्धा त्यात घालते.

मामा : चिन्नोर घालच. 2021मध्ये बालाघाटच्या चिन्नोराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नुसतं धान म्हणून मोजू नकोस, त्याचा बाजार वेगळा.

भाची : घातलं.

मामा : आता शेवटचं, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं. त्याला कळलंच नाही तर?

भाची : यंत्र प्रत्येक अंदाजाला शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण देतं. ठरवलेल्या उंबरठ्याखाली गुण पडले की "समजलं नाही" या उत्तराकडे जातं. त्याला फॉलबॅक म्हणतात. नेहमीच्या मांडणीत उंबरठा 0.3 असतो.

मामा : शंभरात तीस? एवढ्यावर पास? शाळेतही आम्हाला तेहतीस लागायचे.

भाची : वाढवता येतो. पण वाढवला की ते साध्या प्रश्नालाही "समजलं नाही" म्हणतं आणि लोक कंटाळून सोडून देतात. कमी ठेवला की चुकीचं उत्तर ठामपणे देतं. मधली जागा शोधावी लागते.

मामा : मधली जागा कशाला? सगळे प्रश्न सारखे नसतात. केंद्र किती वाजता उघडतं, यात चुकलं तर एक फेरा पडतो. पैशात आणि औषधात चुकलं तर हंगाम जातो. तुडतुड्यावर कोणतं औषध, असं विचारलं आणि यंत्राला तीस गुणांचा अंदाज असला, तर त्याने गप्प बसावं.

भाची : हे मी करू शकते. सेवा गुणांचा आकडा परत देतेच. पैसे आणि फवारणीसाठी माझ्या प्रोग्रामात वेगळा, वरचा उंबरठा ठेवते. खाली आलं की उत्तर नाही, माणूस.

मामा : कोणता माणूस?

भाची : पिकाचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551. ती सेवा 2004पासून आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, आणि तिथे माणूस बोलतो. नाहीतर बडगावचं कृषी विज्ञान केंद्र. पैशाचा असेल तर गटाचा एक कार्यकर्ता, ठरलेल्या वेळेत. तक्रार असेल तर राज्याची 181 हेल्पलाइन.

मामा : नुसता नंबर देऊन भागत नाही. मी कुणाला तहसिलीत पाठवलं तर चिठ्ठी द्यायचो, म्हणजे त्याला पहिल्यापासून सांगावं लागू नये.

भाची : मग यंत्रानेही चिठ्ठी द्यावी. आतापर्यंतचं बोलणं कार्यकर्त्याच्या फोनवर जाईल, शेतकऱ्याची परवानगी घेऊन. आणि त्यातला आधार क्रमांक झाकून. लोक न विचारता अख्खा आधार क्रमांक लिहून मोकळे होतात. तो नोंदीत साठता कामा नये. 2023मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं.

मामा : सरकारचंही असं यंत्र आहे ना?

भाची : आहे. पीएम-किसानसाठी 'किसान ई-मित्र', सप्टेंबर 2023पासून. आता 11 भाषांत बोलतं. रोज 20,000हून जास्त प्रश्न येतात असं सरकार सांगतं. इतके लोक विचारतात, याचा अर्थ विचारायची जागा हवी होती. मला तुमची खिडकी बंद करायची नाही, मामाजी. खिडकी बंद असते त्या वेळेपुरतं कुणीतरी हवं, एवढंच म्हणते.

मामा : आणि मला तुझं यंत्र नको असं नाही. त्याने सगळं येतं असं भासवू नये, एवढंच. खिडकीवर नवा पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच सांगायचो, येत नसेल तर येत नाही म्हण आणि मला हाक मार. तुझ्या यंत्रालाही पहिल्या दिवशी हेच शिकव.

भाची : पहिल्या दिवशी शिकवते. आता वाक्यं सांगा, वही अर्धी रिकामी आहे.

संध्याकाळी शेजारचे काका आले. पोरीने त्यांना समोर बसवलं आणि पोवारीतली वाक्यं लिहून घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला विचारलं, "मामी, तुम्हाला पैशाबद्दल विचारायचं असतं तर कसं विचारलं असतं?" वहिनीच्या नावावर दीड एकर आहे. तिला हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "मी विचारलं असतं, माझ्या खात्यात आले का? 'माझ्या'वर जोर देऊन." ते वाक्यही वहीत गेलं.

दोघांत बरोबर कोण, याचा निवाडा मी करते, कारण त्या दिवशी दोघांचंही बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं. यंत्र हवं, याबाबत माझी मुलगी बरोबर आहे. पाचला बंद होणाऱ्या खिडकीने बायकांना, म्हाताऱ्यांना, लाजणाऱ्यांना फार काळ बाहेर ठेवलं. पण ते यंत्र कसं असावं, याबाबत माझा भाऊ बरोबर आहे. क्लाउडवर खातं उघडणं, किल्ली घेणं, हेतू मांडणं हे काम एखादा हुशार मुलगा दोन दिवसांत करतो. अवघड काम ओसरीवरचं आहे. कोण कसं विचारतं ते ऐकायला बसावं लागतं, बारदान्याच्या प्रश्नातला ट्रॅक्टर ओळखावा लागतो, आणि बालाघाटच्या मराठीला महाराष्ट्राचा आकडा मिळणार नाही याची काळजी घ्यावी लागते. हे काम टाळून बसवलेलं यंत्र कितीही गोड बोललं, तरी ते मंजुळेला गप्प करणारं आहे.

म्हणून मराठीत अशी यंत्रं घडवणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. नमुन्यांची वाक्यं संगणकापुढे बसून रचू नका. ज्या गावासाठी यंत्र आहे तिथल्या निदान एका म्हाताऱ्या माणसाच्या, एका बाईच्या आणि एका शेजारभाषा बोलणाऱ्याच्या तोंडून ती लिहून आणा. पैशाच्या आणि औषधाच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नका. आणि वाचकहो, उद्या तुमच्या गावात, सोसायटीत, बँकेत कुणी असं बोलणारं यंत्र बसवायला आलं, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा : याला कळलं नाही, तर हे कुणाला हाक मारतं? त्या माणसाचं नाव आणि वेळ सांगितल्याशिवाय ते यंत्र बसवू देऊ नका.